पंप घेणाऱ्या मुलाचं कौतुक कशासाठी?

सिरप जबरदस्तीने पाजता येतं. मांडीत आडवं घ्यायचं, नाक दाबायचं आणि ओरडणाऱ्या तोंडात चमचा रिकामा करायचा, अशीच आपल्याकडची कित्येक मुलं वाढली. दम्याच्या पंपाचं तसं चालत नाही. मास्क तोंडावर दाबून धरला आणि मूल रडायला लागलं, की ते लांबलचक श्वास सोडतं आणि मध्येच हुंदक्यासरशी झटकन हवा आत ओढतं. त्या झटक्यात औषधाचे कण घशावर आदळून तिथेच राहतात, काही पोटात जातात. सूज असते ती फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांत, आणि तिथवर जवळजवळ काहीच पोचत नाही. आईला वाटतं डोस दिला. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही. मग मात्रा वाढते आणि रोजची झटापटही वाढते.

मूल राजी नसेल तर हे औषध निरुपयोगी आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्यामुळे मुलाला राजी कसं करायचं, हा प्रश्न आईबापांच्या हौशीवर सोडून देण्यासारखा नाही, तो उपचाराचाच भाग आहे. मानसशास्त्राची पुस्तकं ज्याला सकारात्मक प्रबलन म्हणतात, ते म्हणजे हवी ती कृती घडताक्षणी मुलाला आवडणारं काहीतरी मिळणं, जेणेकरून ती कृती पुन्हा घडेल. शाबासकी, चांदणी, टाळी, गोष्टीचं जादा पान. बालदम्यात याचा वापर गेली पन्नासेक वर्षं तपासला जातो आहे. त्यातून काय हाती लागलं आणि ते भिलाईच्या नेहरू नगरसारख्या वस्तीतल्या घरात कितपत उतरतं, हे पाहायचं आहे.

नेहरू नगर जी. ई. रोडलगतचं, पूर्व आणि पश्चिम अशा दोन अंगांचं. गाव पोलादाचं. इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि कारखान्यापाठोपाठ मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भातली मराठी कुटुंबंही इथे आली. १९५६ पर्यंत हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता, तेव्हा परकं असं काही नव्हतं. आज त्या घरांतली तिसरी पिढी शाळेत हिंदी-इंग्रजी आणि आजीशी मराठी बोलते. दिवाळीच्या सुमाराला हवा जड होते. कापणीनंतरच्या शेतातला धूर, फटाके, रस्त्यावरची धूळ आणि पहाटेचा गारठा एकाच वेळी येतात, आणि लहान मुलांच्या छातीत घरघर सुरू होते. सेक्टर ९ चं कारखान्याचं मोठं रुग्णालय असो की कोपऱ्यावरचा दवाखाना, नेब्युलायझरचं यंत्र तेव्हा थांबत नाही.

आणि तरीही ‘दमा’ हा शब्द घरात उच्चारला जात नाही. ‘सर्दी छातीत उतरली’, ‘ॲलर्जी आहे’, ‘बाळदमा असेल, मोठा झाला की जाईल’ असं म्हणतात. मुलगी असेल तर आवाज आणखी खाली जातो. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य तर प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. ही केवळ नेहरू नगरची गोष्ट नाही. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या नऊ केंद्रांच्या पाहणीत, ज्यात पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांचा मोठा वाटा होता, असं दिसलं की छातीत घरघर असलेल्या ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि रोज श्वासातून स्टेरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. हा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक इथे होतात. या दोन आकड्यांमधल्या अंतराची कारणं अनेक आहेत, पण रोजचा पंप घराघरांत नसणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेजारच्या राजनांदगावला शरद पौर्णिमेच्या रात्री पाताळ भैरवी मंदिराच्या बर्फानी धामात दम्याच्या रुग्णांना जडीबुटीची खीर वाटतात. दूरदूरहून माणसं येतात. आपल्या कोजागिरीचीच ती रात्र. त्या खिरीने दमा बरा होतो असा पुरावा नाही, आणि खीर खाल्ली म्हणून पंप बंद करणं धोक्याचं आहे. तरी मुलाच्या बाजूने पाहिलं तर तिथे काय काय असतं! जागरण, चांदणं, गोड चव, सगळं घर सोबत, आणि ‘शहाणं बाळ’ म्हणून पाठीवर हात. जे औषध खरोखर काम करतं त्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. ते सकाळी शाळेच्या गडबडीत, ‘चल लवकर, बस येईल’ या ओरड्यात उरकलं जातं.

इथेच या प्रश्नाची मेख आहे. पंप दोन प्रकारचे. एक आराम देणारा, साल्ब्युटामॉलचा. छाती आवळली, तो घेतला, पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटलं. त्याचं बक्षीस त्याच्यातच आहे, म्हणून मुलं तो विसरत नाहीत, मागून घेतात. दुसरा प्रतिबंध करणारा, श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा. तो आज घेतला तर आज काहीच जाणवत नाही, आणि आज चुकवला तर आजही नाही आणि उद्याही नाही. त्याचा फायदा म्हणजे महिनाभराने न आलेला झटका. जे घडलंच नाही त्याचा आनंद सात वर्षांच्या मुलाला कसा व्हावा? आणि जीव वाचवतो तो नेमका हा दुसरा पंप. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नोंदींवरून सामी सुइसा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की वर्षभरात स्टेरॉइडचा प्रत्येक जादा डबा वापरला गेला तसा दम्याने मृत्यू येण्याचा दर २१ टक्क्यांनी खाली येत गेला. एकट्या साल्ब्युटामॉलवर भिस्त ठेवू नये, असं ‘जिना’ ही जागतिक दमा-संघटना २०१९ पासून मोठ्यांसाठी आणि बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी बजावते आहे. नंतर सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीही तिने तसाच सल्ला दिला.

यात आणखी एक गोष्ट घडते आणि ती घरात कोणाच्या लक्षात येत नाही. झटका आला की बाबा कामावरून लवकर येतात, शाळा बुडते, आई उशाशी बसते, मोबाइल हातात मिळतो. आणि रोज शहाण्यासारखा पंप घेतला तर? कोणी मान वर करून पाहतही नाही. चुकला तर बोलणी बसतात. कौतुकाची व्यवस्था घरात आधीपासून असतेच, फक्त ती उलट्या दिशेने चाललेली असते. म्हणून ‘आम्ही मुलांना असल्या सवयी लावत नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांना थोडं थांबून पाहायला सांगावंसं वाटतं.

हे उलटं चक्र पहिल्यांदा नीट अभ्यासलं गेलं ते अमेरिकेत डेन्व्हरला, दमेकरी मुलांच्या निवासी रुग्णालयात. तिथली पार्श्वभूमी क्लेशकारक आहे. मुलाचा दमा आईच्या अतिमायेतून येतो अशी तेव्हा समजूत होती. मरे पेश्किन या डॉक्टरांनी मुलांना आईबापांपासून महिनोन्‌महिने दूर ठेवण्याचा उपाय रूढ केला होता. ती समजूत चुकीची ठरली. पण त्याच वास्तूत थॉमस क्रीअर या मानसशास्त्रज्ञाने मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. १९७० च्या एका निबंधात त्यांनी अशा मुलांबद्दल लिहिलं ज्यांना वॉर्डात दाखल होणंच आवडू लागलं होतं. दाखल असतानाच्या करमणुकी काढून घेतल्यावर त्यांचं दाखल होणं कमी झालं. याचा अर्थ झटक्यात मुलाकडे दुर्लक्ष करायचं असा कोणीही घेऊ नये. धाप लागलेल्या मुलाला लगेच औषध आणि धीर मिळालाच पाहिजे. बोध एवढाच, की बरं असतानाच्या दिवसांनाही तितकीच माया मिळायला हवी.

१९७६ मध्ये चार्ल्स रेन आणि क्रीअर यांनी जे केलं ते मला आजही सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. झटका आलेल्या मुलांना दाबाने औषधी हवा देणारं एक यंत्र तिथे होतं. मुलं ते धड वापरत नव्हती. हे दोघे ‘यंत्र नीट वापर’ एवढं सांगून थांबले नाहीत. त्यांनी कृतीचे तीन तुकडे केले: नजर यंत्राच्या तबकडीवर ठेवणं, ओठ तोंडीभोवती नीट आवळणं, पोटाने श्वास घेणं. चार मुलं घेतली. एका वेळी एकच तुकडा शिकवायचा, आधीच्यापेक्षा चुका कमी झाल्या की तिकीट द्यायचं आणि तिकिटं साठली की छोटीशी भेटवस्तू. पहिला तुकडा बसला की दुसरा. चुका भराभर उतरल्या. मुख्य म्हणजे त्याच यंत्राने मुलांना पूर्वीपेक्षा जास्त आराम मिळू लागला. पुढे हीच रीत परिचारिकांना शिकवली आणि त्यांनाही ती जमली. बक्षीस मिळालं ते बरं होण्याबद्दल नव्हे, ‘चांगलं मूल’ असण्याबद्दलही नव्हे, तर ओठ आवळण्याबद्दल. इतकं बारीक, डोळ्यांनी दिसणारं आणि मुलाच्या हातातलं.

१९९७ मध्ये डा कोस्टा, मायकेल रॅपॉफ आणि सहकाऱ्यांनी रोजच्या प्रतिबंधक पंपासाठी टोकनची पद्धत दोन मुलांवर आजमावली. माहिती आणि टोकन दोन्ही मिळून औषध घेण्याचं प्रमाण वाढलं. मुलं फक्त दोन होती, हे विसरून चालणार नाही. या क्षेत्रातली बरीचशी टोकन-बक्षिसांची कामं अशीच मूठभर मुलांवरची आहेत.

बक्षीस चुकीच्या गोष्टीला चिकटलं तर काय होतं, याचा दाखला मात्र भक्कम आहे. १९९६ मध्ये हेन्री मिलग्रॉम आणि सहकाऱ्यांनी आठ ते बारा वर्षांच्या चोवीस मुलांच्या पंपांना डोस मोजणारी यंत्रं बसवली आणि सोबत वहीत नोंदी ठेवायला सांगितल्या. वह्यांप्रमाणे स्टेरॉइडचे ९५ टक्के डोस घेतलेले होते. यंत्राप्रमाणे ५८ टक्के. ज्या मुलांना पुढे जोराचा झटका येऊन तोंडाने स्टेरॉइड द्यावं लागलं, त्यांनी जेमतेम १४ टक्के डोस घेतले होते. ज्यांना लागलं नाही त्यांनी ६८ टक्के. मुलं खोटारडी होती म्हणून हे झालं नाही. टिक केली की मोठी माणसं खूश होतात, हे त्यांना कळलं असावं, म्हणून वहीतल्या खुणा वाढल्या असाव्यात. आपल्याकडे स्वयंपाकघरातून ‘पंप घेतलास का रे?’ असं ओरडून विचारलं आणि आतून ‘हो’ आलं की विषय संपतो. कौतुक त्या ‘हो’चं झालेलं असतं.

मग पंपालाच खेळणं केलं तर? ऑस्ट्रेलियात तसा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, निघाला. मुलाने नीट श्वास घेतला की आतली चकती फिरते, शिट्टी वाजते. २००३ च्या पाहणीत, काल औषध दिलं का असं विचारल्यावर, हा स्पेसर वापरणाऱ्यांत ३८ टक्के जास्त पालकांनी होकार दिला. मोठी आशा निर्माण झाली. २००७ मध्ये स्कॉट बर्जेस आणि सहकाऱ्यांनी तोच स्पेसर यंत्राने मोजत तपासला, आणि औषध घेण्यात फरक आढळला नाही. या निकालात मला नवल वाटत नाही. शिट्टीची नवलाई ओसरते, आणि स्पेसर कपाटातून बाहेर काढण्याचं काम शिट्टी करत नाही, ते मोठ्या माणसालाच करावं लागतं.

याउलट ज्या उपायांत मोठी माणसं किंवा वेळेची आठवण गुंतलेली आहे, तिथले आकडे बोलके आहेत. बर्जेस यांनीच २०१० मध्ये मुलांच्या पंपाची खरी नोंद डॉक्टरांच्या भेटीत आईबाप आणि मुलासमोर मांडली. ज्यांना ती दाखवली त्यांनी ७९ टक्के डोस घेतले, इतरांनी ५८ टक्के. न्यूझीलंडमध्ये एमी चॅन यांच्या २०१५ च्या अभ्यासात २२० शाळकरी मुलं होती. आठवण करून देणाऱ्या पंपाने प्रमाण ८४ टक्क्यांवर गेलं, नुसत्या पंपाचं ३० टक्क्यांवर राहिलं. अमेरिकेत रॉचेस्टरला जिल हॉल्टरमन यांनी शाळेतच, नर्ससमोर, रोजचा डोस दिला. ५३० मुलांच्या त्या प्रयोगात लक्षणांशिवायचे दिवस वाढले. क्षयरोगाचं औषध डोळ्यांसमोर घ्यायला लावणारी ‘डॉट्स’ पाहिलेल्या आपल्या देशाला ही कल्पना नवी वाटू नये. भिलाईच्या शाळांतून ती करून पाहायला हवी, असं मी मनापासून म्हणेन.

‘पण ही तर लाच झाली’ हा आक्षेप आजी-आजोबा घेतात, आणि मानसशास्त्रातही तो आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर ती मुलं चित्रांकडे कमी वळली. मुळात गोडी असलेल्या गोष्टीला बक्षीस लावलं की गोडी उतरते, हे खरं. पण पंपाची गोडी कोणाला असते? नावडत्या गोष्टीचा हिशेब वेगळा निघतो. लंडनमध्ये लुसी कुक आणि जेन वॉर्डल यांनी २०११ मध्ये नावडत्या भाजीचा घास चाखल्याबद्दल मुलांना स्टिकर दिले. स्टिकर बंद झाल्यावर तीन महिन्यांनीही मुलं ती भाजी खात होती, आणि त्यांना ती पूर्वीपेक्षा आवडू लागली होती. लाच चुकीच्या कामासाठी देतात. इथे मूल आपल्या वयाला न पेलणारं काम रोज दोनदा करतं, त्याचं दाम त्याला मिळतं.

हे सगळं घरात कसं दिसतं? नेहरू नगरच्या एका मराठी घरातला तक्ता मी पाहिला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आखलेला, बेसिनच्या आरशाशेजारी चिकटवलेला. दिवसाला दोन चौकोन, दोन्ही ब्रश करण्याच्या आधीचे, कारण स्टेरॉइडनंतर चूळ भरायचीच असते, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. मुलगी पंप हलवते, स्पेसरला लावते, ओठ आवळते. आजी एक पफ दाबते आणि बोटांवर श्वास मोजते. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासाला टिक वाजते. सहा झाले की मुलगी स्वतः चौकोन रंगवते. ‘आज एकदाही मध्ये खोकली नाहीस गं, सावकाश घेतलेस सगळे,’ आजी म्हणते. आठवड्यात दहा चौकोन भरले तर रविवारी मैत्री बागेत जायचं की घरी डोसे करायचे, हे मुलगी ठरवते.

यात बऱ्याच गोष्टी बरोबर जमल्या आहेत. आजीने ‘हुशार माझी’ म्हटलं नाही, काय नीट झालं ते सांगितलं. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं, की बुद्धीची स्तुती झालेली मुलं अपयश आलं की लवकर खचतात आणि मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहतात. चौदापैकी दहाचं उद्दिष्ट असल्याने एक दिवस राहिला म्हणून सगळा आठवडा वाया जात नाही. भरलेला चौकोन रागाच्या भरात कोणी खोडत नाही. बक्षीस चॉकलेटचं नाही, कारण पंप-ब्रशनंतर लगेच गोड हा उरफाटा व्यवहार झाला असता. आणि घरात धाकटा भाऊ असल्याने त्याच्याही दात घासण्याचे चौकोन आहेत, नाहीतर आजारी असण्याचाच हेवा वाटू लागतो.

एक चूक मात्र कोणीही करू नये: ‘महिनाभर दम लागला नाही तर सायकल’ असं कबूल करणं. दम लागणं मुलाच्या हातात नाही. सायकलीसाठी मूल घरघर लपवेल, रात्रीचा खोकला उशीत दाबेल, आणि ज्या दिवशी सांगायला हवं त्याच दिवशी गप्प बसेल. उलट ‘आई, छाती घट्ट वाटतेय’ असं वेळेवर सांगितल्याबद्दल शाबासकी मिळायला हवी, मग नंतर काही निघो वा न निघो.

वय वाढलं की चांदण्या चालत नाहीत. ऑरेल-व्हॅलेंटे यांच्या २००८ च्या अभ्यासात औषधाची साधारण निम्मी जबाबदारी अकराव्या वर्षापर्यंत मुलाकडे गेलेली दिसते, पंधराव्या वर्षी पाऊण. पालक हात काढून घेतात ते मूल तयार झालं म्हणून नव्हे, उंच झालं म्हणून. तेरा वर्षांच्या मुलाला आईने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवलेल्या नको असतात. क्रिकेटमध्ये धाप न लागता दहा षटकं टाकता येणं त्याला हवं असतं. त्याच्याशी बोलायचं ते त्याच्या खेळाच्या भाषेत, आणि पंप कुठे ठेवायचा हे त्यालाच ठरवू द्यायचं.

कौतुकाने न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. पालकांच्याच मनात स्टेरॉइडची धास्ती असेल तर तक्ता दोन आठवड्यांत गळून पडतो. तेव्हा खरं काय ते सांगावं: अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लहानपणी काही वर्षं रोज ब्युडेसोनाइड हे श्वासातलं स्टेरॉइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा परिणाम आहे, आणि श्वास कोंडण्याच्या जोखमीपुढे तो लहान आहे. पंपाऐवजी चघळायची मॉन्टेलुकास्टची गोळी बरी, असं अनेक घरांना वाटतं, कारण मूल ती हसत घेतं. अमेरिकी औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्या गोळीवर मनःस्थिती आणि वागणुकीवरच्या परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला, हेही त्या घरांना कळायला हवं. आणि घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल, उदबत्ती-धूप बंद खोलीत जळत असेल, तर मुलाकडून चौकोन भरून घेण्याआधी मोठ्यांनी आपला चौकोन भरावा.

बक्षिसं कायम चालवायची नसतात. पंप आणि ब्रश यांची गाठ पक्की बसली की चौकोन दिवसाला एक करावा, मग आठवड्याचा एक, मग तक्ता काढून टाकावा. आजीचं शेजारी उभं राहणं मात्र ठेवावं. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर औषधाची मात्रा उतरवायचा विचार करतात. तक्ता त्याच आठवड्यात काढू नये. दोन्ही एकदम कमी झाले आणि घरघर परतली, तर मात्रा कमी पडली की पफ चुकले, हे ना आईला कळतं ना डॉक्टरांना.